सुनावणीच्या आदल्या दिवशीचं हळदीकुंकू

आमच्या घरात ही गोष्ट तीन तऱ्हांनी सांगितली जाते. बायको सांगते तेव्हा मी त्यात खलनायक असतो. मुलगी सांगते तेव्हा मी बावळट असतो, आणि ती हिंदीत सांगते म्हणून जरा जास्तच बावळट वाटतो. माझी तऱ्हा आजवर कोणी शेवटपर्यंत ऐकून घेतलेली नाही, म्हणून लिहून काढतो आहे. लिहिलेल्याला मधेच कोणी "बरं बरं, समजलं" म्हणत नाही.

मी पॉलिटेक्निकात वीज शिकवायचो. शिकवून शिकवून मुलांना झोप यायला लागली आणि मग मलाही, तेव्हा नोकरी लवकर सोडली. त्यानंतर वीज नियामक आयोगानं मला तक्रार मंचावर सदस्य नेमलं. ग्राहकाचं आणि वीज कंपनीचं वाजलं की दोघांचं ऐकायचं आणि निकाल द्यायचा, एवढंच काम. नातेवाइकांनी त्याचा अर्थ असा घेतला की रायपुरात कुठंही लाइट गेली तर मला फोन करायचा. एका मेव्हण्यानं तर दुर्गहून फोन करून फ्यूज कसा बदलायचा ते विचारलं होतं.

मंचावर खुर्च्या तीन. त्यातली एक तेव्हा रिकामी होती आणि नवा सदस्य यायचा पत्ता नव्हता. उरलो अध्यक्ष आणि मी. अध्यक्ष म्हणजे बिलासपूरकडचे एक निवृत्त इंजिनियर, फार कमी बोलणारे. आमच्या दोघांपैकी एक जरी उठला तरी सुनावणी होत नसे. हे इथंच सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा घोळ त्याच्यावरच उभा आहे.

त्या दिवशी रविवार होता. संक्रांत होऊन गेली होती आणि आमच्या शंकर नगरच्या घरी बायकोचं हळदीकुंकू होतं. हळदीकुंकवाच्या दिवशी माझी जागा आतल्या खोलीत, इस्त्रीच्या कपड्यांशेजारी. दार लोटलेलं, आवाज करायचा नाही, चहा आपोआप येईल. ही व्यवस्था मला मान्य आहे. बाहेर मराठी मंडळातल्या बायका, शेजारच्या छत्तीसगढी दीदी, अत्तराचा वास, उखाण्यांचा आग्रह. वाण काय लुटायचं यावर आमच्याकडे दर वर्षी महिनाभर चर्चा चालते. त्या वर्षी बायकोनं एका वाक्यात निकाल दिला होता. "तुम्ही विजेत आहात, तर वाण विजेचंच." ते बल्ब आणले होते, लाइट गेली तरी काही तास जळत राहतात ते. प्रत्येकीला एक बल्ब आणि तिळाचे लाडू.

संध्याकाळी चहा आला नाही म्हणून मी दार जरासं उघडलं. समोर सतरंजीवर, बायकांच्या ओळीत, एक ओळखीचा चेहरा होता. ओळखीचा म्हणजे घरचा नव्हे. दुसऱ्या दिवशीच्या सुनावणीची तक्रारदार माझ्या बैठकीत बसली होती. कपाळावर ताजं कुंकू, पदरात तांदूळ, नारळ आणि ब्लाउजपीस, आणि हातात आमच्या वाणाचा बल्ब.

झालं होतं असं. ती मला भेटायला आली होती. दारात सवाष्ण दिसली, तेही हळदीकुंकवाच्या दिवशी. आमच्या बायकोनं "या, या ना" म्हणत तिचा हात धरून तिला आत बसवलं. बायकोला वाटलं मंडळातल्या कोणाची तरी वहिनी असेल. सवाष्ण दारावरून तशीच परत जाऊ द्यायची नसते. कोण, कुठली, काय काम, हे विचारायचं ओटी भरून झाल्यावर. ती बिचारी दोनदा "मी ते..." म्हणाली, तर तिच्या हातात लाडू आला.

तिची तक्रार सांगतो. रायपूरला लागून असलेल्या बीरगांवात दोन खोल्या भाड्याच्या. सासरा आयुष्यभर उरला नावाच्या कारखानपट्ट्यात, रोलिंग मिलमध्ये. आता त्याची फुप्फुसं थकलेली, घरी ऑक्सिजन काढणारं मशीन, दिवसरात्र चालू. नवराही त्याच उरल्यात शिफ्टला, म्हणून धावपळ हिच्या वाट्याला. मीटर घरमालकाच्या नावावर. घरमालक वारला, त्याच्या मुलाला जागा रिकामी करून विकायची होती. त्यानं काय केलं, तर कंपनीला अर्ज दिला की वडलांच्या नावची लाइन कायमची काढून टाका. हिनं स्वतःच्या नावावर कनेक्शन मागितलं तर कंपनी म्हणाली, मालकाची संमती आणा. संमती द्यायची कोणी? तर ज्यानं लाइन कापायला सांगितली त्यानं. मागच्या तारखेला आम्ही आदेश दिला होता की पुढच्या सुनावणीपर्यंत लाइन कापू नये. ती पुढची सुनावणी म्हणजे उद्याची. त्याच तारखेला मालकाचा मुलगा म्हणाला होता, "सर, मशीन-वशीन सब बहाना है."

मला पाहून ती उठली. पदर सावरत, नारळ पडू न देता, ती दोन पावलं पुढं आली.

"साहेब, मी फक्त येवढंच विचारायले आली. बाबांले उद्या आणू का नको? तुमच्या ऑफिससमोरचा चहावाला म्हणे, मरीज सामने दिखेगा तभी मानेंगे. पण त्यांले आणायचं म्हणजे छोट्या सिलिंडरवर आणा लागते. तुम्ही फक्त हव म्हणा नाही तर नाही म्हणा."

सगळ्या बायका गप्प झाल्या. हळदीकुंकवात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती, आणि तिचं कारण मी होतो.

आता नियम असा, की पक्षकाराशी प्रकरणाबद्दल बाहेर एक अक्षर बोलायचं नाही. हव नाही आणि नाही नाही. तिला "नका आणू" म्हणालो असतो तर तो सल्ला झाला असता, आणि उद्या समोरच्यानं तेच धरलं असतं तर निकालच रद्द झाला असता. हे सगळं मला त्या क्षणी स्वच्छ दिसत होतं. तिला जे दिसत होतं तेही मला दिसत होतं. मी माझ्या पॉलिटेक्निकातल्या आवाजात म्हणालो, "या विषयावर घरी बोलता येणार नाही. उद्या कार्यालयात, सगळ्यांसमोर."

ती "बरं साहेब" म्हणाली आणि गेली. बल्ब परत द्यावा की न्यावा हे तिला कळेना. तो तिनं हातात तसाच धरलेला होता. ओटीतलं परत घेत नाहीत, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

शेवटची बाई जाईपर्यंत आमची बायको हसत होती. मग हसणं थांबलं.

"काहून हो, दोन शब्दांनी तुमची खुर्ची मोडत होती का?"

"मोडत होती."

"ती बुढ्या माणसाले सिलिंडरवर घेऊन बीरगांवातून येईल. मंग?"

"ते मी नाही ठरवू शकत."

"तेच म्हणून राहिली मी. तुम्ही काहीच नाही ठरवू शकत, आणि निकाल म्हणे हेच देतात."

मुलगी मोबाइलवरून मान वर न काढता म्हणाली, "पापा, आप इशारे में बता देते. गर्दन हिला देते." मी तिला न्यायाची तत्त्वं समजावून सांगायला लागलो. ती उठून गेली.

मी लगेच अध्यक्षांना फोन केला आणि सगळं सांगितलं. हळदीकुंकू म्हणजे काय हे समजावण्यात थोडा वेळ गेला. त्यांनी ती कधी आली, कधी गेली ते लिहून घेतलं. मग म्हणाले, "कल खुली सुनवाई में सबके सामने बता दीजिए. किसी को आपत्ति हुई तो आपको हटना पड़ेगा."

"मी हटलो तर मंच पूर्ण होत नाही," मी माझ्या हिंदीत म्हणालो.

"हाँ."

"आणि आपला आदेश उद्यापर्यंतचाच आहे."

"हाँ."

"तिला निदान कोणाकडून कळवता येईल का, की पेशंटला आणायची गरज नाही?"

"हम किसी पक्ष को सलाह नहीं देते," ते म्हणाले. आणि फोन ठेवण्याआधी, "मुझे भी अच्छा नहीं लग रहा है."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे आले, त्यांवर ओतायची तिखट तर्री आली नाही. आमच्या घरात तर्रीशिवाय पोहे ही लेखी नोटीस समजली जाते. मी कोरडे पोहे पाण्याबरोबर गिळले आणि निघालो.

कार्यालयाच्या आवारात ऑटो उभी होती. मला जिची भीती होती तीच. नवरा रजा टाकून आला होता. त्यानं आणि तिनं मिळून म्हाताऱ्याला खुर्चीसकट आत आणलं. नाकाला नळी, मांडीवर पिशवीत छोटा सिलिंडर, बाळ धरावं तसा दोन्ही हातांनी धरलेला. सिलिंडरवरचा काटा मला माझ्या जागेवरून दिसत होता. वीज शिकवणाऱ्या माणसाला काटे वाचायची खोड असते. तो अर्ध्याच्या बराच खाली होता. बीरगांवाहून येताना वाटेत ट्रकांमध्ये अडकले होते, असं नवरा कोणाला तरी सांगत होता. दुसरा सिलिंडर भरून मिळाला नव्हता.

म्हणजे आता आमच्याकडे जितका काटा, तितका वेळ. आणि त्यातूनच त्यांना परत जायचं होतं.

कंपनीच्या बाजूनं त्यांच्या विधी अधिकारी होत्या. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या जुन्या मराठी घरातल्या, नागपूरकर भोसल्यांच्या काळात आलेल्यांपैकी. बोलणं तोलूनमापून, सुनावणीत पूर्ण हिंदी. पलीकडे मालकाचा मुलगा, पांढऱ्या शर्टात, हातात गाडीची किल्ली. तो म्हाताऱ्याकडे बघत नव्हता. मुद्दाम बघत नव्हता की बघवत नव्हतं, ते मला तेव्हा कळलं नाही.

अध्यक्षांनी माझ्याकडे मान वळवली. मी उभा राहिलो. सदस्यानं उभं राहायचं नसतं, पण पाय आपोआप उभे राहिले. मी हिंदीत सांगितलं की काल तक्रारदार माझ्या घरी आल्या होत्या, मी घरात होतो, प्रकरणाबद्दल मी काही बोललो नाही, परंतु माझ्या पत्नीनं त्यांना हळदीकुंकू लावलं, ओटी भरली आणि एक बल्ब दिला.

"बल्ब?" मालकाचा मुलगा म्हणाला.

"इमर्जन्सी बल्ब," मी म्हणालो. अचूकपणा ही माझी वाईट सवय आहे.

"सर, उल्टी गंगा है ये तो. पार्टी जज को देती है, यहाँ जज पार्टी को दे रहे हैं. और वो भी लाइट जाने वाला बल्ब. मतलब फैसला पहले ही सोच लिया था क्या?"

कोणी हसलं नाही. तक्रारदार बाई पांढरीफटक पडली. तिला वाटलं असणार, आपण तिथं गेलो म्हणूनच सगळं बिघडलं. ती घाईघाईनं म्हणाली, "साहेब, मी बल्ब आणून देतो परत. डब्यातून काढला पण नाही."

"आप बैठिए," अध्यक्ष म्हणाले. मग मुलाला, "आपको सदस्य के बैठने पर आपत्ति है? सोचकर बताइए. आपत्ति होगी तो वे हटेंगे, सुनवाई नहीं होगी."

"और लाइन?"

"हमारा आदेश आज तक का है."

तो हरकत आहे एवढंच बोलला असता तर संध्याकाळपर्यंत त्याचं काम झालं असतं. त्याला ते कळत होतं. आम्हा सगळ्यांना कळत होतं. खोलीत म्हाताऱ्याच्या नळीचा बारीक सूं आवाज येत होता आणि मी काट्याकडे बघायचं नाही असं ठरवून काट्याकडेच बघत होतो.

तेवढ्यात विधी अधिकारी उठल्या. "सर, मुझे भी एक बात रिकॉर्ड पर लानी है." त्यांनी घसा साफ केला. "वही बल्ब मेरे घर पर भी है. कल दोपहर मैं भी गई थी. मंडळ का बुलावा था."

माझ्यासाठी ही बातमी होती. दुपारी मी दार लोटून इस्त्रीच्या कपड्यांशेजारी निष्पक्षपणे झोपलो होतो. बाहेर माझी बायको प्रकरणातल्या दोन्ही बाजूंना हळदीकुंकू लावत होती.

मालकाच्या मुलानं विधी अधिकाऱ्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मतलब सबको मिला," तो म्हणाला, "बस हमको छोड़कर."

अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. "आपत्ति है या नहीं?"

तो उत्तर देणार, इतक्यात म्हाताऱ्यानं हात वर केला. नळीमुळे त्याचा आवाज लहान येत होता, दोन शब्दांमध्ये श्वास घ्यावा लागत होता. तो अध्यक्षांशी बोलला नाही, माझ्याशीही नाही.

"छोटे," तो म्हणाला. "तेरी मम्मी... के घुटने कैसे हैं?"

मुलानं पहिल्यांदा त्याच्याकडे वळून पाहिलं. नीट पाहिलं. नळी पाहिली, सिलिंडर पाहिला, गळ्याशी श्वासाबरोबर आत ओढली जाणारी खळी पाहिली. मला वाटतं, त्यानं मागच्या वेळी जे म्हटलं होतं त्यावर त्याचा खरंच विश्वास होता. मालकाचं कुटुंब बीरगांव सोडून नव्या कॉलनीत गेल्याला बराच काळ झाला होता. त्याच्या डोक्यातला म्हातारा अजून सायकलवर टिफिन लावून पाळीला जात असणार.

"ठीक हैं, चाचा," तो म्हणाला. किल्ली त्यानं खिशात टाकली. "ऑपरेशन हो गया."

"अच्छा हुआ. सीढ़ी... मत चढ़ने देना."

"जी."

मग तो आमच्याकडे न बघता म्हणाला, "मुझे कोई आपत्ति नहीं है. मकान का केस मैं कोर्ट में लड़ूँगा, वो नहीं छोड़ूँगा. पर ये आप सुन लीजिए. जल्दी सुन लीजिए, सर."

मंचात माझी ख्याती "सर का एक और सवाल" अशी आहे. वीज कंपनीचे लोक मला बघून जेवणाची वेळ पुढं ढकलतात. त्या दिवशी मी एकही प्रश्न विचारला नाही. कागद सगळे होते. कुटुंब अनेक वर्षं तिथंच राहतं, हे रेशनकार्डापासून मतदार यादीपर्यंत दिसत होतं. जो जागेत राहतो त्यालाही वीज मागता येते, त्यासाठी तो मालक असावा लागत नाही, आणि घर कोणाचं हे ठरवणं आमचं काम नाही. विधी अधिकाऱ्यांनी कंपनीची बाजू मांडली, ती मांडायला हवी तेवढीच, एक वाक्यही जास्त नाही. अध्यक्षांनी तिथंच आदेश सांगितला. तक्रारदाराच्या नावानं कनेक्शन द्यावं, आणि ते मिळेपर्यंत चालू लाइन कापू नये.

बाईला लगेच कळलं नाही. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं म्हाताऱ्याची खुर्ची उचलायला वाकून म्हटलं, "चल, चल लवकर. काटा पाह्य."

मी खिडकीशी गेलो. मालकाचा मुलगा त्यांच्या पुढं धावत गेला होता, त्यानं आपल्या गाडीचं मागचं दार उघडून धरलं होतं. बाई थबकली, मग बसली. ऑटो रिकामी उभी राहिली.

पुढचं प्रकरण एका दुकानासमोरच्या खांबाचं होतं. दुकानदार सांगत होता की खांबामुळे त्याची पाटी दिसत नाही. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो आणि मनात बीरगांवचा रस्ता मोजत होतो, ते ट्रक, ते फाटक, ती धूळ. फोन करून विचारावं तर माझ्याकडे नंबर नाही, आणि असता तरी आदेशाची सहीची प्रत दोन्ही बाजूंना पोचेपर्यंत मी कोणाला फोन करायचा नाही. नियम चांगले आहेत. ते मी स्वतः नव्या लोकांना शिकवतो. दुकानदारानं दोनदा विचारलं, "समझे न सर?" आणि मी दोनदा मान हलवली. मुलगी म्हणाली होती ना, गर्दन हिला देते. ती कला मला इथं सापडली.

विधी अधिकारी त्या प्रकरणातही होत्या. त्यांचा फोन टेबलावर उताणा पडला होता आणि त्या त्याला हात न लावता त्याच्याकडे बघत होत्या. नंतर कळलं, त्यांनी त्यांच्या बीरगांवच्या माणसाला त्या घराशी जाऊन उभं राहायला सांगितलं होतं, लाइन आहे ना बघायला. फोन थरथरला. त्यांनी वाचलं. त्या माझ्याशी खासगीत बोलू शकत नव्हत्या, मी त्यांच्याशी बोलू शकत नव्हतो. दुकानदार पाटीचा फोटो दाखवत होता. त्यांनी त्याच्या डोक्यावरून, भर सुनावणीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, पहिल्यांदाच मराठीत म्हटलं, "हव. पोचले. मशीन लागली."

"नहीं नहीं, मशीन नहीं, खंभा," दुकानदार म्हणाला.

अध्यक्ष छताकडे बघून हसले. मी त्यांना हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

घरी गेलो तेव्हा बायको सोफ्यावर उरलेले बल्ब डब्यांत भरत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"लाइन राहिली का?"

"राहिली."

"आणि तो बुढा?"

"पोचला."

"आणला होता म्हणजे."

"हो."

तिनं एक डबा बंद केला. मला सांगता आलं असतं की तो आणला म्हणूनच मालकाच्या मुलानं त्याला पाहिलं, आणि पाहिलं म्हणूनच हरकत घेतली नाही. वाटेत शब्द सगळे जुळवूनही ठेवले होते. पण तो काटा मी पाहिला होता, तिनं नाही. म्हणून ते शब्द तसेच ठेवले, आणि तिच्याशेजारी बसून बल्ब भरू लागलो.

दुसऱ्या दिवशी पोह्यांवर तर्री होती. नेहमीपेक्षा कमी, पण होती.